इंदूरच्या मंडळीत पहिली नेमणूक – सुरुवात कुठून करावी?

जालन्याचा_सुवार्तिक

सलाम सगळ्यांना.

बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) पूर्ण झालं आणि मिशनने थेट इंदूरच्या चर्चच्या मंडळीत पाठवलं आहे. अजून दीक्षा (पाळकपदाचा विधी) झालेली नाही, ज्येष्ठ पाळकांच्या म्हणजे पास्टरांच्या हाताखाली प्रोबेशनवर आहे. आजवरचं सगळं काम खेड्यातलं. तिथं संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर बसलं की निम्मी मंडळी आपोआप भेटते. इथं चाळीसेक मराठी घरं आहेत, पण एक सुदामा नगरात, तर दुसरं पार विजयनगरच्या पलीकडे. शिवाय भंवरकुआ भागातले विद्यार्थी आणि झाबुआ-अलिराजपूरकडून बांधकामावर आलेली कुटुंबं यांच्याकडेही मीच बघायचं आहे.

जाणत्या लोकांना विचारायचं ते असं. घरभेटींची घडी कशी बसवावी? हिंदीत उपदेश करताना मराठी माणूस कुठे अडखळतो? काही ज्येष्ठ मंडळी मराठी उपासना सुरू करा म्हणतात, करावी का? मध्य प्रदेशातला धर्मांतराचा कायदा मला नेमका कुठे लागू होतो? आणि खोली, पाणी वगैरे रोजच्या गोष्टीत काय सांभाळावं? धीर द्याच, पण मुख्यतः कामाचं सांगा.

रामबागकर

सलाम, आणि इंदुरात स्वागत.

पहिले तीन महिने नवीन काहीही सुरू करू नका. युवक संघ नको, उपास-प्रार्थना नको, यूट्यूब चॅनल तर नकोच. माणसं ओळखीची होण्याआधी उभा केलेला कार्यक्रम तुमच्या बदलीबरोबर बंद पडतो, आणि मग तुमच्यामागून येणाऱ्याला मंडळी विश्वासाने काही हाती देत नाही. तीन महिन्यांत एवढंच साधा, की चाळीसही घरं एकदा पुरी झाली पाहिजेत.

हिशेब सरळ आहे. शहरात घरची माणसं एकत्र सापडतात ती साडेसहा ते साडेआठ. तेवढ्यात दोनच घरं होतात. तिसरं धरलं की तुम्ही नेमके ताटं वाढायच्या वेळी दारात उभे राहता, आणि मराठी घर जेवल्याशिवाय सोडत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी, म्हणजे सहा घरं. चाळीस घरांना सात आठवडे लागतात. पाहुणे, आजारपण, सणवार धरून दहा. भेट अर्ध्या तासाची ठेवा. त्यातली वीस मिनिटं त्यांचं ऐका, मग एक लहानसा उतारा आणि प्रार्थना. आदल्या दिवशी फोन करा आणि त्याच दिवशी दुपारी एक मेसेज टाका. इथं न कळवता गेलेलं लोक बोलून दाखवत नाहीत, पण पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत.

वार दिशेला बांधून टाका. मंगळवारी पश्चिम, म्हणजे सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर. गुरुवारी विजयनगर आणि सुखलिया. शनिवारी रामबाग, परदेशीपुरा. पलासियापासून राजवाड्यापर्यंतचा मधला पट्टा संध्याकाळी तुंबतो, त्यामुळे एकाच दिवशी शहर आडवं ओलांडायचा बेत केला तर दुसरं घर हुकणारच. वार ठरलेला असला की दोन-तीन महिन्यांत लोकच विचारू लागतात, 'आज मंगळवार, आमच्या बाजूला आहात ना?' खेड्यातला ओटा शहरात असाच तयार होतो.

एक वही ठेवा. घराचं नाव, माणसं, मूळ गाव, वाढदिवस आणि लग्नाची तारीख, प्रार्थना कोणत्या भाषेत आवडते, घरात आजारी कोण, मागची भेट कधी. कमाई, नवरा-बायकोची भांडणं, कुणाचं व्यसन हे वहीत अजिबात लिहू नका. वही हरवते, उघडी राहते, दुसऱ्याच्या हाती पडते. जे विश्वासाने सांगितलं ते मनात ठेवा आणि फार जड झालं तर ज्येष्ठ पाळकांशी बोला, तेही नाव न घेता.

आता मयतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन माणसाचा खरा कस तिथं लागतो आणि तयारीला वेळ मिळत नाही. दफनविधी ज्येष्ठ पाळक चालवतील, पण धावपळ तुमच्याकडेच येईल. म्हणून आत्ताच माहिती काढून एका कागदावर लिहा: कब्रस्तान कमिटीचा माणूस कोण, फाटकाची चावी कुणाकडे, खणणारे कोण, शवपेटी कुठे तयार मिळते आणि कुठे मापाने करून घ्यावी लागते, मृतदेह रात्रभर थंड जागी ठेवायची सोय कुठे आहे. कुटुंबाला जुन्या कबरीशेजारी जागा हवी असेल तर आधी दफनाचं रजिस्टर बघावं लागतं. खणायला सुरुवात झाल्यावर जागेचा वाद निघाला की सगळ्यांचीच शोभा होते.

मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र तिथूनच घ्या. घरी झाला तर डॉक्टरांना बोलावून लेखी घ्या. अपघात, विष, भाजणं, आत्महत्या असं काही असेल तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय दफनाची वेळ जाहीरच करू नका. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. अर्जावर नाव आधार कार्डावर आहे तसंच अक्षरनअक्षर लिहा, नाहीतर पुढे पेन्शन आणि बँक दोन्ही अडतात.

वेळ ठरवताना महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा विचार करा. मुंबईची माणसं बहुधा अवंतिका एक्सप्रेसने येतात. ती संध्याकाळी निघते आणि सकाळी इंदूरला पोहोचते. सकाळी नऊचं दफन ठरवलं तर सख्खी मुलगी मागे राहते. दुपारी बारा-एक ठेवा. आणि पाच-सहा मराठी गीतं मोठ्या टायपात छापून, तीसेक प्रती पिशवीत कायम तयार असू द्या. एरवी हिंदीत गाणारी घरंही त्या दिवशी मराठी गीत मागतात.

सभांच्या तारखा ठरवताना इथलं कॅलेंडर बघा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाडा भागात शिरता येत नाही. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका असतात. त्या दोन्ही दिवशी जुन्या शहरात कोणतीच बैठक ठेवू नका.

वर्षाताई_परदेशीपुरा

भाऊ, रामबागकरांनी घडी छान सांगितली. घराच्या आतलं मी सांगते.

घरात एकटी बाई किंवा एकटी मुलगी असेल तर दारातूनच 'सलाम वहिनी, दादा आले की येतो' म्हणून परत फिरा, पाऊस पडत असला तरी. पहिल्या फेरीला मंडळीतल्या एखाद्या वडिलांना (चर्चच्या ज्येष्ठ पंचांना) किंवा महिला संघातल्या मावशींना बरोबर घ्या. त्या दारात उभ्या असल्या की नव्या माणसाकडे बघण्याची नजरच बदलते, आणि घरातल्या बाया मोकळेपणी बोलतात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची सवय असेल तर विचारल्याशिवाय करू नका. लहान मुलांच्या बाबतीतही विचारा.

हॉस्पिटलच्या भेटीला पाच मिनिटं पुरतात. एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड भरलेला असतो, खाटेजवळ उभं राहायलाही जागा नसते. हात धुवून आत जा, खाटेवर बसू नका, प्रार्थना पेशंटला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात करा. नर्स औषध द्यायला आली तर प्रार्थना मध्येच थांबवा, ती तुमच्यासाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. 'औषध बंद करा, विश्वास ठेवा' असं तुम्ही म्हणणार नाहीच. पण मंडळीतलं कुणी म्हणत असेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, शांतपणे खोडून काढा. साखरेच्या पेशंटने उपासाच्या दिवशी गोळी खाऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांना उपासातून सूट आहे हे तुम्ही स्वतः तोंडाने जाहीर करायला हवं. कारण ते आपणहून विचारत नाहीत, त्यांना ते विश्वासात कमी पडल्यासारखं वाटतं.

मुलांचं काम करायचं असेल तर शब्बाथशाळेत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि आईवडिलांची लेखी संमती. मंडळीबाहेरची मुलं खेळायला म्हणून आली तर त्यांना धड्याला बसवू नका, आधी त्यांच्या घरी जाऊन बोला. मुलांना शिबिराला दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं असेल तर प्रत्येकाच्या पालकाचं सहीचं पत्र, आधारची प्रत, शाळेचं ओळखपत्र आणि शक्यतो काही पालकच बरोबर. स्टेशनवर मुलांचा घोळका आणि एक अनोळखी तरुण दिसला की चौकशी होणारच. ती व्हावीच, फक्त उत्तर कागदावर तयार हवं.

विद्यार्थ्यांचं वेगळं आहे. भंवरकुआ भागात कोचिंगच्या टेस्ट रविवारी सकाळी असतात. तीच तुमच्या उपासनेची वेळ. पोरं येत नाहीत म्हणून नाराज होण्यात अर्थ नाही. रविवारी संध्याकाळी सहाला, पाऊण तासाची, हॉस्टेलपासून चालत येता येईल अशा जागी बैठक ठेवा आणि वेळेवर संपवा. त्यांना तुमच्याकडून उपदेशापेक्षा आधी लागतं ते वेगळंच असतं: परवडणारी मेस, भांडणाशिवाय डिपॉझिट परत देणारा घरमालक, ताप आला तर डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी. परीक्षेच्या महिन्यात कुणावर गिटारची किंवा प्रोजेक्टरची जबाबदारी टाकू नका.

बांधकामावरची कुटुंबं साइट बदलली की जागा बदलतात. म्हणून पत्ता लिहून उपयोग नाही, मुकादमाचा आणि घरातल्या दोघांचा नंबर घ्या. रात्री आठच्या आधी ती मोकळी होत नाहीत. होळीच्या आधी भगोरियाला (आदिवासी जत्रांना) सगळी गावाकडे जातात, तेव्हा शहरात कुणी नसतं. त्यांच्या गावच्या मंडळीत प्रचारक कोण आहे ते विचारा आणि त्याला फोन करून सांगा की तुमची माणसं इथं सुखरूप आहेत. एवढ्या एका फोनने जेवढा विश्वास तयार होतो तेवढा दहा सभांनी होत नाही. त्यांच्यात बरेच कॅथलिक आहेत. त्यांना आपल्या रजिस्टरात ओढू नका, लाल चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासना) कधी असते ते सांगा आणि पोहोचायची बस दाखवून द्या.

मदत मागतील, मागायलाच हवी. पण खिशातून रोख देऊ नका. मंडळीच्या मदतनिधीतून, खजिनदाराच्या हातून, पावतीसह. तुमच्या हातून दिलेले पाचशे रुपये दुसऱ्या दिवशी दहा दारांत पोहोचतात, आणि पुढे वकीलसाहेब सांगतील त्या अडचणीतही टाकतात.

कलम_पंचवीस

वकिलीच्या बाजूने. कायदा नीट माहीत असला की भीती निम्मी कमी होते, म्हणून थोडं लांब लिहितो.

राज्यघटनेचं कलम 25 धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात, तोही मध्य प्रदेशातूनच गेलेला, सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या श्रद्धेबद्दल बोलणं आणि एखाद्याला धर्म बदलायला लावणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत वेगळ्या आहेत, हे मनाशी पक्कं ठेवा.

इथं 1968 चा जुना कायदा होता. त्याच्या जागी मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य कायदा 2021 आला. खोटं सांगून, आमिष दाखवून, धमकी, बळ, गैरवाजवी दबाव, लग्न किंवा फसवणूक यांतून केलेलं वा करू पाहिलेलं धर्मांतर हा गुन्हा आहे. शिक्षा 1 ते 5 वर्षं आणि किमान 25 हजार दंड. व्यक्ती अज्ञान (अल्पवयीन), स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर 2 ते 10 वर्षं आणि किमान 50 हजार. दोन किंवा अधिक माणसांचं एकाच वेळी केलं तर ते सामूहिक, 5 ते 10 वर्षं आणि किमान 1 लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि आपण आमिष दाखवलं नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. तुमच्या विद्यार्थी आणि मजूर कुटुंबांपैकी बरेच जण अनुसूचित जमातीचे असणार, तेव्हा हे नीट समजून घ्या.

आमिषाची व्याख्या रुंद आहे. भेटवस्तू, रोख किंवा वस्तूरूपात लाभ, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, इतकंच काय, दैवी कृपेचं आश्वासनही त्यात येतं. म्हणून वर्षाताईंनी पैशांबद्दल सांगितलं ते शब्दशः पाळा. मंडळीबाहेरच्या कुटुंबाला मदत करायची असेल तर त्या भेटीत पुस्तिका नको, प्रार्थना नको, फोटो तर नकोच. 'आजार बरा होईल' अशी जाहिरात पत्रकावर किंवा स्टेटसवर टाकू नका. काही आजारांच्या चमत्कारी उपचारांच्या जाहिरातीला 1954 चा वेगळा केंद्रीय कायदा लागतो.

धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना 60 दिवस आधी कळवायचं आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही 60 दिवस आधी स्वतंत्रपणे कळवायचं, असं याच 2021 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं. धर्मगुरूने कळवलं नाही तर त्याला 3 ते 5 वर्षं. नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने, स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या कलमाखाली सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. त्यातून धर्मगुरूची नोटीस माफ झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्यापुरतं सोपं आहे: अजून दीक्षा झालेली नाही, तेव्हा बाप्तिस्म्याचा कोणताही विषय ज्येष्ठ पाळकांकडे आणि त्यांच्या वकिलाकडे. लग्नाचंही तसंच. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ज्याला अधिकार किंवा परवाना आहे त्यानेच लग्न लावायचं.

प्रार्थनासभेत कुणी गोंधळ घालायला आलं तर वाद घालू नका, सभा थांबवा, बाया-मुलांना आधी बाहेर काढा, 112 ला फोन करा. पोलिस आले तर नाव आणि ठाणं विचारून लिहून घ्या, नम्रपणे उत्तरं द्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. अटक झाली तर कारण कळण्याचा, घरच्यांना कळवण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं जाण्याचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला सहसा अटक करता येत नाही. अपवादाला महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. सभेला जाण्याआधी दोन वडिलांचे आणि एका वकिलाचे नंबर पाठ असू द्या, फोन जप्त झाला तर कागदही जवळ राहत नाही.

आणखी दोन गोष्टी तरुण पाळक हमखास विसरतात. परदेशातला मित्र 'मिशनसाठी' म्हणून तुमच्या वैयक्तिक खात्यात पैसे पाठवतो म्हणाला तर स्पष्ट नाही सांगा. विदेशी अंशदान नियमन कायदा 2010 लागू होतो, आणि नोंदणीकृत संस्थेचं नवी दिल्लीतलं स्टेट बँकेचं ठरावीक खातं सोडून असा पैसा दुसरीकडे घेता येत नाही. आणि परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याला उतरवणाऱ्याने 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची (यालाच आजवर फॉर्म सी म्हणत). पर्यटक व्हिसावर आलेल्याला उपदेशाला उभं करू नका.

छावणीकर

हिंदी उपदेशाचं सांगतो.

आधी पाठांतर. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), आशीर्वचन आणि प्रभुभोजनाची वाक्यं हिंदीत तोंडपाठ हवीत, कारण तिथं अडखळलं की अख्खी मंडळी अडखळते. लिंगभेद जपा. देह मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी: 'यह मेरी देह है'. आत्मा एरवी हिंदीत स्त्रीलिंगी, पण हिंदी बायबलात पवित्र आत्मा पुल्लिंगीच येतो, 'पवित्र आत्मा तुम पर आएगा'. वाचनाची घोषणा करताना पुस्तकांची नावं हिंदीतली घ्या: मत्ती, लूका, यूहन्ना, प्रेरितों के काम, भजन संहिता, प्रकाशितवाक्य. 'स्तोत्रसंहिता काढा' म्हटलं की अर्धे लोक पानं चाळत बसतात.

उपदेश पंधरा मिनिटांचा, पूर्ण लिहून काढलेला, सोळाशे शब्दांच्या आत. शुक्रवारी एखाद्या हिंदी शाळेत शिकलेल्या तरुणाला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने फक्त दोन गोष्टींवर पेन्सिल चालवायची: 'ने' कुठे चुकला आणि लिंग कुठे चुकलं. बाकी बोली इंदूरची असली तरी चालते, लोकांना ती आपलीच वाटते. मराठीतून मनात वाक्य रचून हिंदीत बोलायचा प्रयत्न केला तर वाक्य लांबतं आणि क्रियापद हरवतं. लहान वाक्यं लिहा.

मराठी उपासना महिन्यातून एकदा, तिसऱ्या रविवारी संध्याकाळी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पेटी, तबला, टाळ घेऊन ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणा. इथल्या आजी-आजोबांना त्यांची पदं पुस्तकाशिवाय येतात आणि ती या आजी-आजोबांबरोबरच जातील, कारण नातवंडांना कुणी शिकवलेली नाहीत. सकाळच्या हिंदी उपासनेला मात्र हात लावू नका.

रामबागकर

छावणीकर, इथं माझं वेगळं आहे. चर्चमध्ये वेगळी मराठी उपासना जाहीर केली की दोन गट पडायला वेळ लागत नाही. केरळी नर्सा, झाबुआची कुटुंबं, हिंदी घरं यांना वाटतं की नवा पाळक मराठी लोकांचा. भजनं जरूर व्हावीत, पण घरी. दर महिन्याला एका घरात, दीड तास, चहा-पोह्यांवर, आणि बिगरमराठी शेजारी मंडळींनाही बोलावून. नातवंडं घरात असतातच, ती आपोआप टाळ हातात घेतात. सहा महिन्यांनी घर अपुरं पडू लागलं तर वडील मंडळीच चर्चचा विषय काढतील. तो त्यांनी काढावा, तुम्ही नव्हे.

जालन्याचा_सुवार्तिक

सगळ्यांचे मनापासून आभार. भजनांचं ज्येष्ठ पाळकांशी बोलून आधी घरीच सुरू करेन असं वाटतं.

खोलीचं राहिलं. सुदामा नगरात दुसऱ्या मजल्यावर एक खोली बघितली आहे. मालकांना मी पाळकाचं काम करतो हे आधी सांगावं का? आणि गाडी एमएच-21 पासिंगची आहे, ती चालवली तर चालेल?

वर्षाताई_परदेशीपुरा

आधीच सांगा, अगदी पहिल्या भेटीत. नंतर कळलं की लपवल्यासारखं होतं आणि खोली जाते. त्याच वेळी हेही सांगा की खोली फक्त राहण्यासाठी आहे, सभा तिथं होणार नाही, आणि तो शब्द पाळा. अकरा महिन्यांचा करार करा, आणि भाडेकरूची माहिती मालकांनी पोलिस ठाण्यात दिली का ते बघून पोच घ्या. ती तुमच्याच सोयीची आहे. भाडं मानधनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, पेट्रोल आणि फोन तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागतो.

पाण्याचं विचारताना 'पाणी आहे का' असं विचारू नका. नर्मदेची लाइन आहे का, ती रोज येते की एक दिवसाआड, किती वाजता, आणि बाकी वेळ बोअर आहे का, असं विचारा. बोअरचं पाणी जड, ते वापरायला. प्यायला नर्मदेचं, तेही उकळून. पाणी गढूळ किंवा वासाचं आलं तर त्या दिवशी ते उकळूनही पिऊ नका, नगर निगमकडे (महापालिकेकडे) तक्रार नोंदवा आणि शेजाऱ्यांना सांगा. दुसऱ्या मजल्यावर दाब कमी पडतो, तेव्हा झाकणाची दोन पिंपं ठेवाच.

कचऱ्याची गाडी सकाळी येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा वेगवेगळा द्यायचा असतो. इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं ते या रोजच्या शिस्तीवर. हे चर्चच्या जेवणालाही लागू आहे. उष्ट्यासकट पत्रावळी एकाच पिशवीत भरल्या तर गाडी घेत नाही आणि दंडही होतो. जेवणाच्या शेवटी दोन पोरं बादलीपाशी उभी करा, एकाने उष्टं निपटायचं, दुसऱ्याने पत्रावळी रचायच्या. शंभर माणसांचं वीस मिनिटांत होतं.

आणि सोमवारी सुट्टी घ्या. फोन बंद नको, पण तातडीचं नसेल तर मंगळवारी. आठवड्यातून एकदा आपल्या मंडळीबाहेरच्या एखाद्या वयस्क पाळकाकडे जाऊन बसा. एकटं वाटणं पहिल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त होतं, घरभेटी कमी होतात आणि खोली अंगावर येते. त्या महिन्यांत संध्याकाळचं जेवण तरी कुणाच्या ना कुणाच्या घरी होईल असं बघा. आम्हा परदेशीपुऱ्याच्या घरांना आधी कळवलंत तरी चालेल, न कळवलंत तरी चालेल.

कलम_पंचवीस

गाडीबद्दल: लायसन्स देशभर चालतं. गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो. जालना आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, मग इंदूर आरटीओत फॉर्म 27, इथला कर भरा, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा तिकडे मागा. कर्जावर असेल तर बँकेचं संमतीपत्र आधी. आरसी, विमा आणि पीयूसी गाडीत असू द्या, आणि इंदुरात आल्याचा पुरावा म्हणून भाडेकराराची प्रत जपून ठेवा. 12 महिने कुठून मोजायचे हा प्रश्न रस्त्यावरच निघतो.